आधी सारे अंगणात

दिवाळीच्या अंकात मूत्रपिंडाचा विषय काढणे म्हणजे फराळाच्या ताटात काढ्याची वाटी ठेवण्यासारखे कोणाला वाटेल. विषय चारचौघांत बोलण्याचा नाही, हे खरेच. परंतु या मुठीएवढ्या अवयवाने शहाण्या माणसांना ऐंशी वर्षे एकमेकांशी भांडायला लावले. भांडणात दोन पक्ष होते, दोन्ही पक्षांत मोठी माणसे होती आणि दोन्ही पक्ष अर्धे खरे होते. शेवटी निकाल लागला तो दोन मुक्या साक्षीदारांच्या साक्षीवर. त्यांतला एक बेडूक, दुसरा मासा. ही हकीकत सणासुदीला सांगण्याइतकी रंजक आहे. शिवाय ती शेवटी आपल्या वऱ्हाडच्या पाण्याशी येऊन भिडते, म्हणून ती घरातल्या सर्वांनी ऐकावी असे मला वाटते.

आरंभ आपल्याकडूनच करू. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुतखड्याचे प्रकरण आहे. तिथे बस्ती, म्हणजे मूत्राशय, कसा भरतो याचे एक सुरेख चित्र येते. नवे कोरे मडके तोंडापर्यंत पाण्यात बुडवून ठेवले, तर त्याच्या तोंडातून पाणी आत जात नाही, तरी ते बाजूंनी पाझरून भरते. तसाच बस्ती मूत्राने भरतो, असे सुश्रुत सांगतो. मूत्र वाहून आणणाऱ्या नाड्यांना हजारो तोंडे आहेत, पण ती इतकी सूक्ष्म की डोळ्यांना दिसत नाहीत, असेही तो म्हणतो. नद्या समुद्राला मिळतात तशा या नाड्या बस्तीला मिळतात. भिंतीतून पाझरणे आणि न दिसणाऱ्या सहस्रावधी सूक्ष्म वाटा, या दोन्ही कल्पना पुढे वेगळ्या रूपात खऱ्या ठरल्या. मात्र या चित्रात मूत्रपिंडाला जागा नव्हती. सुश्रुताला वृक्क ठाऊक होते, पण मूत्राशी त्यांचे नाते त्याने जोडले नव्हते.

ते नाते दाखवले रोमन साम्राज्यातल्या गॅलेन या वैद्याने, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात. मूत्रपिंडापासून मूत्राशयाकडे येणाऱ्या वाहिन्या त्याने जिवंत जनावरात दोऱ्याने बांधल्या. बांधल्यावर मूत्राशय कोरडा राहिला आणि गाठीच्या वरचा भाग फुगला. पाणी कुठून येते ते कळले. मूत्रपिंडाच्या आत ते कसे तयार होते हे मात्र त्यानंतर पंधराशे वर्षे कोणाला कळले नाही. मूत्रपिंड म्हणजे एक घट्ट मांसाचा गोळा, अशीच समजूत होती.

१६६२ साली इटलीतल्या लॉरेन्झो बेल्लिनी नावाच्या विद्यार्थ्याने ही समजूत मोडली. वय अवघे एकोणिसाच्या घरात. मूत्रपिंड कापून पाहता तो भरीव नाही, केसासारख्या बारीक नळ्यांचा जुडगा आहे, असे त्याने दाखवले. चार वर्षांनी, १६६६ मध्ये, मार्चेल्लो माल्पिघी याने मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीत काळा रंग सोडला आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिले. फांद्याफांद्यांच्या टोकांना इवले इवले काळे गोळे लोंबत होते. त्याला त्यावरून झाडाला लागलेली सफरचंदे आठवली. तो इटलीऐवजी आमच्या मोर्शीत जन्मला असता, तर त्याने संत्र्यांची उपमा दिली असती. हे गोळे म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे गुच्छ होते. गुच्छ सापडले, नळ्या सापडल्या. पण त्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे कोडे पावणेदोनशे वर्षे तसेच पडून राहिले.

आता भांडणाकडे येऊ. भांडणाचे दोन मूळपुरुष एकाच साली जन्मलेले, १८१६ साली. एक इंग्लंडचा विल्यम बोमन, दुसरा जर्मनीचा कार्ल लुडविग. दोघांनीही आपापला सिद्धांत मांडला तोही एकाच साली, १८४२ मध्ये, ऐन पंचविशीत. बोमनने पाहिले की प्रत्येक गुच्छाभोवती एक पातळ पिशवी असते आणि ती पिशवी म्हणजे नळीचेच फुगलेले तोंड आहे. रक्तवाहिनीत भरलेला रंग कुठे कुठे गुच्छ फोडून सरळ नळीत उतरलेला त्याला दिसला. गुच्छ आणि नळी यांची सोयरीक जमली. आता या सोयरिकीचा अर्थ लावायचा होता, आणि इथे दोघांचे मार्ग फुटले.

बोमन म्हणाला, गुच्छातून झिरपते ते नुसते पाणी. शरीरातली घाण नळीच्या भिंतीतल्या पेशी रक्तातून उचलतात आणि नळीत टाकतात. वरून येणारे पाणी ती धुऊन नेते. म्हणजे काम नळीचे, गुच्छ नुसता पाणक्या. लुडविग म्हणाला, छे! रक्ताच्या दाबाने गुच्छातून सगळेच झिरपते. राहतात त्या फक्त रक्तपेशी आणि प्रथिने. मग ते पातळ पाणी नळीतून जाताना त्यातले पाणी रक्तात परत शोषले जाते आणि उरते ते मूत्र. एकाच्या मते नळी बाहेर टाकते, दुसऱ्याच्या मते नळी परत घेते.

पुढच्या पिढीत बोमनच्या बाजूने एक जबरदस्त वकील उभा राहिला. ब्रेस्लाउचे रुडोल्फ हायडेनहाइन. १८७४ साली त्यांनी सशाच्या रक्तात नीळ सोडली. साधी नीळ नव्हे, गंधकाम्लाची प्रक्रिया करून पाण्यात विरघळणारी केलेली; पण मूळ नीळच. कृत्रिम नीळ अजून बाजारात यायची होती, आणि युरोपात जाणारी बरीचशी नीळ त्या काळी आपल्या बंगाल-बिहारच्या शेतांतून जात असे. हायडेनहाइननी सशाचा मज्जारज्जू तोडून रक्ताचा दाब उतरवला होता, म्हणजे गुच्छातले झिरपणे थांबले. तरीही नीळ नळ्यांच्या पेशींत आणि नळ्यांच्या आत दिसली, गुच्छ मात्र बिनरंगी राहिले. नळी स्वतः रक्तातून वस्तू उचलून टाकते, याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता हवा?

एवढ्यावर न थांबता त्यांनी लुडविगच्या पक्षावर एक गणित फेकले. दिवसभरात जेवढे युरिया मूत्रातून जाते, तेवढे नुसते झिरपून जायचे असेल, तर माणसाच्या मूत्रपिंडांना दिवसाला सुमारे ७० लिटर पाणी झिरपवावे लागेल आणि त्यातले जवळजवळ सगळे परत शोषावे लागेल. इतका मूर्खपणाचा संसार निसर्ग कशाला करील? गणित ऐकून पुष्कळांनी माना डोलावल्या. सांगायची गंमत ही की खरा आकडा ७० नाही. तो सुमारे १८० आहे.

विसाव्या शतकात पारडे फिरले. आर्थर कुश्नी यांनी १९१७ साली मूत्रोत्पत्तीवर ग्रंथ लिहून लुडविगचा पक्ष उचलून धरला आणि नळी काही बाहेर टाकते ही कल्पनाच निकालात काढली. आता साक्षीदारांची गरज होती, कारण वकिली पुरे झाली होती.

पहिला साक्षीदार बेडूक. बेडकाच्या मूत्रपिंडातले गुच्छ सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणी दिसतात. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात आल्फ्रेड न्यूटन रिचर्ड्‌स आणि त्यांचे तरुण सहकारी जोसेफ वर्न यांनी काचेची केसाहून बारीक नळी ओढून तयार केली आणि ती त्या इवल्या पिशवीत खुपसून आतला थेंब बाहेर काढला. थेंब म्हणण्यासारखाही तो नव्हता. त्याची परीक्षा करण्याच्या पद्धतीही त्यांनाच बसवाव्या लागल्या. १९२४ साली त्यांनी निष्कर्ष छापला. पिशवीतल्या पाण्यात प्रथिने नव्हती, पण रक्तातली साखर होती, मीठ होते. त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या मूत्रात साखरेचा मागमूस नव्हता. वाटेत ती गेली कुठे? नळीने परत घेतली. लुडविग जिंकला.

पण तो पुरता जिंकला नव्हता. बाल्टिमोर येथे ई. के. मार्शल यांनी १९२३ पासून कुत्र्यांच्या रक्तात एक तांबडा रंग सोडून हिशेब मांडला होता. गुच्छातून जेवढा रंग झिरपणे शक्य होते, त्याहून कितीतरी अधिक रंग मूत्रात येत होता. मग त्यांना दुसरा साक्षीदार भेटला. समुद्रात टोडफिश नावाचा एक कुरूप मासा असतो. त्याच्या मूत्रपिंडात गुच्छच नसतात, आहेत त्या फक्त नळ्या. लुडविग म्हणतो तेवढेच खरे असेल, तर या माशाला मूत्र होताच कामा नये. ते होते. रक्तात सोडलेला तांबडा रंगही त्यात येतो. साखर मात्र रक्तात वाढवली तरी त्याच्या मूत्रात उतरत नाही, कारण ती झिरपून यायला वाटच नाही. या माशाच्या साक्षीने बोमन आणि हायडेनहाइन यांचीही अब्रू राहिली. नळी परत घेते आणि नळी बाहेरही टाकते. ऐंशी वर्षे दोन पक्ष एकाच नळीची दोन कामे आपसांत वाटून घेऊन भांडत होते.

आता हे काम चालते कसे, ते घरगुती भाषेत सांगतो. दिवाळीच्या आधी आपल्याकडे घर झाडायला काढतात. बायका काय करतात? कोपऱ्याकोपऱ्यात घुसून केर शोधत बसत नाहीत. खोलीतले सामान सगळेच्या सगळे आधी अंगणात काढतात. डबे, गाद्या, फडताळातली भांडी, तुटकी छत्री, वहीचे पुठ्ठे, सगळे. मग हवे ते एकेक पुसून आत नेतात. जे आत नेले नाही, तो केर. मूत्रपिंडाची रीत अगदी हीच. गुच्छ सारे सामान अंगणात काढतो. नळी हवे ते वेचून आत नेते. दोन्ही मूत्रपिंडांत मिळून सुमारे वीस लाख अशी बिऱ्हाडे असतात आणि त्यांची ही झाडलोट दिवसरात्र चालू असते.

आकडे ऐकून थक्क व्हायला होते. दिवसाला १८० लिटर, म्हणजे पाणी साठवायचा दोनशे लिटरचा लोखंडी पिंप जवळजवळ भरेल एवढे पाणी रक्तातून नळ्यांत उतरते. आपल्या रक्तातला पातळ भाग असतो अवघा तीन लिटरच्या आसपास. म्हणजे तो दिवसातून साठ वेळा अंगणात येतो आणि साठ वेळा आत जातो. बाहेर पडते ते दीड लिटर. या पाण्याबरोबर सुमारे १८० ग्रॅम साखर आणि एक किलोहून अधिक मीठ नळीत उतरते. निरोगी माणसात साखर जवळजवळ सगळी परत जाते. मिठातले काही ग्रॅम, जेवढे आपण खाल्ले साधारण तेवढे, बाहेर टाकले जातात. नळीचा पहिला वळणावळणाचा भाग दोन तृतीयांश पाणी आणि मीठ घाऊक परत घेतो. शेवटचा भाग किरकोळीचा व्यापारी. आज किती मीठ ठेवायचे, किती पाणी सोडायचे, हे शरीरातल्या ग्रंथींचा हुकूम आल्याप्रमाणे तो ठरवतो.

हायडेनहाइनना जो संसार मूर्खपणाचा वाटला, त्यात एक मोठे शहाणपण दडलेले आहे. केर शोधून काढायचा म्हटला तर प्रत्येक केराची ओळख असावी लागते. माणूस उद्या कोणता नवा रंग, कोणते नवे औषध, कोणते रानातले विष पोटात घालील, याचा नेम नाही. त्याची ओळख नळीला नाही, आणि तिला ती लागतही नाही. आपल्याला हवे ते काय, एवढे ओळखले की पुरे. बाकीचे पुष्कळसे आपोआप बाहेर राहते.

पण काही वस्तू रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटून बसतात, त्यामुळे गुच्छातून त्या पुरेशा उतरत नाहीत. काही इतक्या जलद घालवायच्या असतात की झिरपण्याची वाट पाहणे परवडत नाही. त्यांच्यासाठी नळीने मागचे दार ठेवले आहे. तिच्या भिंतीतल्या पेशी त्या वस्तू शेजारच्या रक्तातून ओढून सरळ नळीत ढकलतात. आम्ल, पोटॅशियम आणि अनेक औषधे या दाराने जातात.

या मागच्या दाराने एकदा डॉक्टरांना रडकुंडीस आणले होते. फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्ड येथे अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला पेनिसिलिन टोचले. साऱ्या प्रयोगशाळेने महिनोन्‌महिने राबून चमचाभर औषध जमवले होते. शिपाई बरा होऊ लागला, पण औषध मागच्या दाराने भराभर बाहेर जाऊ लागले. तेव्हा त्याचे मूत्र प्रयोगशाळेत नेऊन त्यातून पेनिसिलिन वेगळे काढले आणि ते पुन्हा त्यालाच टोचले. तेही संपले आणि मार्चमध्ये तो दगावला. पुढे औषध मुबलक झाले. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. साधे पेनिसिलिन दर तीन-चार तासांनी टोचावे लागे, रात्री झोपमोड करूनसुद्धा. त्याचे कारण हे मागचे दार. १९५१ च्या सुमारास प्रोबेनेसिड हे औषध निघाले. ते याच दाराला कडी घालते, म्हणजे औषध अंगात टिकते.

जसे टाकण्याचे दार बंद करता येते, तसे परत घेण्याचेही करता येते, आणि याचा लाभ आज अनेक घरांतल्या मंडळींना होत आहे. मधुमेहाच्या मूत्राला मुंग्या लागतात हे आपल्या जुन्या वैद्यांना ठाऊक होते. त्याचे कारण नळीची मर्यादा. रक्तात दर शंभर मिलिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमपर्यंत साखर असली तर नळी ती सगळी वेचून घेते. त्याहून वाढली की तिचे हात अपुरे पडतात आणि उरलेली वाहून जाते. १८३५ साली युरोपात सफरचंदाच्या मुळाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ काढला गेला. १८८६ साली फॉन मेरिंग यांना दिसले की तो दिला असता रक्तात साखर वाढलेली नसतानाही ती मूत्रातून जाऊ लागते. पुढे कळले की तो साखर परत घेणाऱ्या हातांनाच धरून ठेवतो. त्या धाग्यावरून तयार केलेल्या गोळ्या २०१२ पासून मधुमेहावर वापरात आल्या. डॅपाग्लिफ्लोझिन हे त्यांतले एक नाव. २०२० साली मोठ्या पाहणीत दिसले की या गोळीने मूत्रपिंडाचा ऱ्हासही मंदावतो, मधुमेह नसलेल्या रोग्यांतसुद्धा. ती घ्यावी की नाही हे अर्थात डॉक्टरांनीच ठरवायचे.

राहिली गोष्ट पाण्याची. वर्गात मुले या नळीची आकृती काढतात, तेव्हा तिचा मधला लांब फास हटकून तोकडा काढतात. वहीत जागा पुरत नाही. पण सारी कला त्या लांबीत आहे. हा फास याकोप हेन्ले यांनी १८६२ साली पाहिला. तो कशासाठी आहे हे कळायला आणखी जवळजवळ नव्वद वर्षे गेली. १९५१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल येथे वर्नर कून, हार्गिताय आणि वीर्त्स यांनी उंदराच्या गोठवलेल्या मूत्रपिंडाचे पातळ काप घेतले आणि बर्फ कुठे आधी वितळते ते पाहिले. खारट पाण्याचे बर्फ आधी वितळते. जसजसे आत जावे, तसतसा मूत्रपिंडाचा गाभा अधिकाधिक खारट निघाला. फासाची वर जाणारी बाजू मीठ बाहेर टाकते पण पाणी जाऊ देत नाही. उतरणारी बाजू पाणी जाऊ देते. शेजारी शेजारी उलट दिशांनी वाहणाऱ्या या दोन धारांमुळे मीठ तळाशी साठत जाते. मग मूत्र घेऊन जाणारी शेवटची नळी या खाऱ्या गाभ्यातून जाते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते, हे सर्वांना ठाऊक आहे. तसेच इथे मीठ नळीतले पाणी ओढून घेते आणि ते रक्तात परत जाते. वैशाखात आपण उन्हातून आलो की लघवी थोडी आणि गडद होते, ती या लोणच्याच्या युक्तीने. शरीर पाणी वाचवत असते.

या सगळ्यामुळे मूत्रपिंडाला नुसती गाळणी म्हणणे अपुरे आहे. गाळण्याचे काम यंत्रालाही करता येते. हॉलंडचे विलेम कोल्फ यांनी युद्धाच्या धामधुमीत १९४३ साली असे यंत्र बनवले. आपल्याकडे सामान्य माणसाच्या कानी डायलिसिस हा शब्द पडला तो जयप्रकाश नारायणांमुळे. १९७५ च्या स्थानबद्धतेत त्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे आढळले. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांना यंत्रावर ठेवले आणि १९७९ च्या ऑक्टोबरात निधन होईपर्यंत त्या यंत्राशी त्यांची गाठ सुटली नाही. यंत्रातल्या पाण्यात क्षार आधी मोजून घालावे लागतात, आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास पडून राहावे लागते. अंगणात काढलेल्या सामानातून हवे ते ओळखून घेण्याची नळीची अक्कल यंत्राला नाही.

आता वऱ्हाडात येऊ. आमच्या अमरावती जिल्ह्याचे पाणी दोन दिशांना जाते. मोर्शीच्या बाजूचे वर्धा नदीतून बंगालच्या उपसागराकडे, आणि दर्यापूरच्या बाजूचे पूर्णेतून तापीला मिळून अरबी समुद्राकडे. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात. जमीन काळी, कसदार. खालचे पाणी खारे. इतके, की पूर्वी या पट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढीत, आणि त्याची नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत आहे. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. सोयरीक जमवताना आमच्याकडची माणसे शेती विचारतात तसे पाणीही विचारतात. त्या बाजूला दिलेली माझी एक आत्या सांगे, "सवय झाली ना बापा, आता तं गोडं पानीच फिकं लागते."

सवय जिभेला होते. नळीला ते मीठ रोज मोजून बाहेर टाकावेच लागते आणि मीठ टाकायचे तर त्याच्याबरोबर पाणीही खर्चावे लागते. खारे पाणी पिणारा माणूस, वरून पंचेचाळीस अंशांचे ऊन, घामाने गेलेले पाणी. मूत्र थोडे आणि दाट होते, आणि दाट मूत्रात खडे लवकर धरतात. या पट्ट्यातून मूत्रपिंडाच्या दुखण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत. सगळा दोष मिठाच्या माथी मारणे मात्र घाईचे होईल. मधुमेह, रक्तदाब, अंगदुखीवर सर्रास खाल्ल्या जाणाऱ्या गोळ्या, हेही गुन्हेगार आहेतच.

आणखी एक गोष्ट गेल्या पंचवीस वर्षांत जगापुढे आली आहे. २००२ साली मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरमधून डॉक्टरांनी लिहिले की, ऊसतोड्यांसारखे उन्हात राबणारे तरुण मूत्रपिंडे निकामी होऊन येत आहेत, आणि त्यांना मधुमेहही नाही, रक्तदाबही नाही. तसेच श्रीलंकेच्या भातशेतीच्या भागात आढळले, तसेच आपल्या आंध्रातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यात उद्दानम येथे. या रोगात आधी जखमी होते ती नळी आणि तिच्या आजूबाजूची जागा; गुच्छाचा नंबर नंतर लागतो. ऊन आणि पाण्यावाचून राबणे, शेतीतली विषारी औषधे, पाण्यातले क्षार, यांत कोणाचा वाटा किती यावर शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही. पण रोग चोरपावलांनी येतो याविषयी दुमत नाही. पायांना सूज नाही, लघवीत प्रथिने फारशी नाहीत. निम्म्याहून अधिक काम बंद पडेपर्यंत माणूस शेतात जात असतो. रक्तातले क्रिएटिनिन तपासले तरच आधी सुगावा लागतो, आणि ती तपासणी महागडीही नाही.

शहानूर आणि वान या धरणांचे गोडे पाणी आज खारपाणपट्ट्यातल्या अनेक गावांना नळाने जाते. आमच्या मोर्शीजवळ सिंभोऱ्याला वर्धेवर १९९३ मध्ये पुरे झालेले धरण आहे. नल-दमयंती सागर असे त्याचे नाव. त्याचे पाणी अमरावती शहर पिते. ज्यांच्या गावी हे पाणी पोचले, त्यांच्या नळ्यांचा भार हलका झाला. मात्र नळाचे पाणी घरात येते, धुऱ्यावर येत नाही. निंदणारी बाई सकाळी एक बाटली घेऊन निघते, ती दहा वाजता संपते. आडोसा नाही म्हणून कित्येक बाया मुद्दाम पाणी कमी पितात. हे वाक्य घरातल्या पुरुषांनी दोनदा वाचावे.

संत्र्याच्या बागेला आम्ही ताण देतो. बहार धरण्यासाठी पाणी तोडतो, पाने गळू देतो आणि मग पाणी देऊन फुलोरा आणतो. झाडाला ते मानवते. माणसाच्या नळीला ताण दिला तर बहार धरत नाही. उन्हाळ्यामागून उन्हाळा तिच्यावर वण उठत जातात, आणि एकदा मेलेले बिऱ्हाड पुन्हा वसत नाही. दिवाळीच्या आगेमागे आंबिया बहाराची तोड सुरू होते, बागांत माणसे लागतात. ज्यांच्या बागा आहेत त्यांनी गाडीत पेट्यांबरोबर पाण्याचा पिंपही चढवावा, आणि बायांसाठी कापडाचा का होईना एक आडोसा बांधावा. घरात कोणी वर्षानुवर्षे मधुमेहाचा, रक्तदाबाचा वा अंगदुखीच्या गोळ्यांचा धनी असेल, किंवा चैत्र-वैशाखात शेतात राबून आला असेल, तर दिवाळीची धांदल ओसरल्यावर त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन रक्त तपासून आणावे.